काच खाली झाली की रॉइस बोलायचा

आमच्या एल्क फोर्क गावातली माणसं हरणाचं पोट फाडून आतडी हाताने काढतील, गोठ्यात घोटाभर शेणात उभी राहतील. पण पेट्रोलच्या नळीला हात लावायचा म्हटलं की नाक मुरडतात. म्हणे हाताला वास येतो. त्यांचा तरी काय दोष? अमेरिकेतल्या आमच्या ऑरेगन राज्यात सत्तर वर्षं कायदाच होता, पेट्रोल आपलं आपण भरायचं नाही. गाडी पंपाशी लावायची, काच खाली करायची आणि बसून राहायचं. भरणारा माणूस येणार. खाली कॅलिफोर्नियात गेलो तरी आम्ही पंपावर तसेच काच खाली करून बसतो, आणि मागच्याने हॉर्न ठोकला की मग लक्षात येतं, इथे आपणच उतरायचं असतं. माझा नवरा तर एकदा हॉर्न ऐकूनही बसून राहिला. वर मलाच म्हणाला, "इथली माणसं कामाला फार ढिली गं."

माझं लाँड्रीचं दुकान पंपाच्या बरोबर समोर आहे. यंत्रं आपली आपण फिरत असतात, मी काचेतून बाहेर बघत असते. त्यामुळे रॉइस अ‍ॅमंडसन रोज माझ्या नजरेसमोर. उंच, खांद्यात वाकलेला, थंडीत कान लालभडक.

रॉइस तोतरा होता. तोही थोडाथोडका नव्हे. शाळेत तो माझ्या मागच्या वर्गात. हजेरीला त्याला "हजर" म्हणायला इतका वेळ लागायचा की बाई शेवटी त्याचं नावच घेईनाशा झाल्या. दुकानात पाव हवा असला तर बोटाने दाखवायचा. एका मुलीला लग्नाचं विचारायला गेला आणि त्याचा प्रश्न पूर्ण होईपर्यंत तिचं दुसऱ्याशी ठरलं, असं गावात चेष्टेने सांगतात. त्यात चेष्टा किती आणि खरं किती, हे मी कधी विचारलं नाही. तो एकटाच राहिला एवढं खरं.

पण पंपावर कामाला लागला आणि काहीतरी वेगळंच झालं. जुन्या मालकाने त्याला पहिल्या दिवशी एक वाक्य पाठ करून दिलं होतं. काच खाली झाली की वाकायचं आणि म्हणायचं, "नमस्कार, टाकी फुल ना? साधंच?" ते त्याच्या तोंडून सरळ बाहेर पडलं. का, ते कुणालाच कळलं नाही, त्यालाही नाही. मग त्या वाक्याच्या मागून आणखी वाक्यं यायला लागली. हवापाण्याची, नदीतल्या माशांची, मागच्या सीटवरच्या कुत्र्याची विचारपूस. गाडीच्या खिडकीत वाकलं की त्याची जीभ सुटायची, आणि गाडीपासून दोन पावलं मागे सरकला की पुन्हा अडकायची.

मी तर टाकी अर्धी असतानाच पंपावर जायचे.

"काय गं, परवाच भरलंस ना?" रॉइस म्हणायचा. "गाडी पिते की तू?"

"तुझं थोबाड बघायला येते."

"मग काच पुसतो. नीट दिसू दे."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा पेट्रोल भरता भरता तो म्हणाला, "बाकी सगळीकडे लोक माझ्या शब्दाची वाट बघत बसतात. इथे मी त्यांच्याशी बोलतो." एवढं म्हणून त्याने झाकण लावलं आणि पुढच्या गाडीकडे गेला.

तेवीस सालच्या उन्हाळ्यात कायदा बदलला. आता ज्याला हवं त्याने स्वतः भरावं. गावात केवढा संताप झाला. न्हावी म्हणाला, मी मरेन पण गाडीतून उतरणार नाही. चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या कॉफीला बायकांनी हेच ऐकवलं. रॉइसला पाठीवर थापा मारून सांगितलं, "आम्ही आहोत ना." आणि थंडी सुरू होईपर्यंत सगळे गाडीतून उतरून, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून, दोन बोटांनी नळी धरायला शिकले होते. सगळ्यात आधी न्हावी. मला अजून त्या माणसाचं तोंड बघवत नाही.

पंप आता जुन्या मालकाच्या मुलीकडे, केंड्राकडे आहे. निम्मे पंप अजूनही माणसाने भरून द्यायचे असा नियम आहे. पण त्या बाजूला दिवसाकाठी मोजक्या गाड्या. तेवढं मी बघते, असं म्हणून तिने बाकीची माणसं काढली. रॉइसला मात्र काढलं नाही. तिने त्याला गल्ल्यावर बसवलं.

"रॉइस, आता तुम्ही आत बसा," ती म्हणाली. मी तेव्हा तिथे कॉफी घेत होते. "पाऊस नाही, वारा नाही. कंबर दुखते ना तुमची?"

"म... मला ब... ब..." रॉइसने सुरुवात केली. मी बाहेरच बरा आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

केंड्राने त्याच्या दंडावर हात ठेवला. "अहो, आभार कसले मानता."

गल्ल्यावर काच नाही, खिडकी नाही, वाकायचं नाही. समोर घाईतली रांग. रॉइसने शब्दाला सुरुवात केली की गिऱ्हाईक तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घ्यायचं. "पावती? नको. पिशवी? नको." सगळे चांगल्या मनाचे. थोड्याच दिवसांत रॉइस नुसता हात पुढे करायला लागला.

मी केंड्राकडे जाऊन भांडले. "त्याला बाहेर पाठव. भिजला तरी चालेल, पण बाहेर पाठव."

"कुणाच्या गाड्या भरायला पाठवू?" ती म्हणाली. "तुमच्या एकटीच्या? मी त्यांना ठेवलंय हेच बघा ना."

तिचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी केंड्रा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि रॉइस एकटा होता. मिसेस ब्रिंकमन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, जन्मात नळीला हात न लावलेल्या. चुकून गाडी स्वतः भरायच्या बाजूला लावली, काच खाली केली आणि मांडीवर पर्स घेऊन बसून राहिल्या. मागे एक ट्रक लागला, त्याच्या मागे आणखी एक. हॉर्न वाजला. बाईंना वाटलं, दुसऱ्या कुणाला वाजवतायत.

अशा वेळी गल्ल्यावरच्या माणसाने लाउडस्पीकरवरून सांगायचं असतं, बाई, पलीकडच्या बाजूला या. रॉइसला ते टाळता येईना. "मि... मि... मिसेस ब्र... ब्र..." सगळ्या पंपावर, रस्ता ओलांडून माझ्या दुकानापर्यंत त्याचं ते अडकणं घुमलं. कुणी हसलं नाही. उतरलेली माणसं बुटांकडे बघत राहिली, पंपावरचे आकडे वाचत राहिली. हसले असते तर मी जाऊन दोन शिव्या तरी घातल्या असत्या. मग खट्ट आवाज झाला आणि लाउडस्पीकर बंद झाला.

रॉइस गल्ला सोडून बाहेर आला, पावसात. मी हातातली चादर टाकून रस्ता ओलांडून पंपापर्यंत धावले. मला आनंद झाला होता, सांगायला लाज कसली. खिडकी उघडी होती, काच खाली होती. आता बोलेल, असं मला वाटलं.

तो नेहमीसारखा वाकला. दारावर हात ठेवला. "न..." म्हणाला. "न... न..." टोपीवरून पाणी गळत होतं, आणि ते एक वाक्य, जे तीस वर्षांत एकदाही अडलं नव्हतं, तेही येईना.

मिसेस ब्रिंकमननी बराच वेळ वाट बघितली. मग त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "हो रे बाळा," त्या म्हणाल्या. "टाकी फुल. साधंच."

रॉइसने पेट्रोल भरलं. मागच्या ट्रकवाल्याने आता हॉर्न वाजवला नाही. रॉइसने काच पुसली, पैसे घेतले आणि आत गेला.

पुढच्याच आठवड्यात मिसेस ब्रिंकमन शेजारणीकडून स्वतः भरायला शिकल्या. बिचाऱ्याला आपला त्रास नको, म्हणाल्या, आणि तसं काही अवघडही नसतं.

रॉइस अजून गल्ल्यावर आहे. शनिवारी माझ्याकडे कपडे घेऊन येतो. मी विचारते, "कसा आहेस?" पूर्वी निदान पहिलं अक्षर तरी काढायचा. मी कामं सोडून त्याच्यासमोर उभी राहते, हवा तेवढा वेळ असतो माझ्याकडे. तो मान हलवतो आणि यंत्रात कपडे टाकायला लागतो.