लो गिअर लागल्याशिवाय गाडी घेणार नाही

मी जनावरांची डॉक्टर आहे. येडशीच्या आसपासची गावं आणि वरच्या माळावरच्या मेंढपाळांच्या वस्त्या, हा माझा इलाखा. बरीच वर्षं आधी स्कूटीवर आणि मग एका लहान कारमध्ये काढली. उन्हाळ्यात अडत नाही. पण श्रावणात काळ्या रानातली पाणंद अशी होते, की चाक नुसतं गरगरतं आणि गाडी तिथंच. मग औषधाची पेटी डोक्यावर घ्यायची, चपला हातात, आणि चालायला लागायचं. एकदा अशीच घसरून कमरेवर आपटले. महिनाभर पट्टा बांधून झोपून होते. उठले ती एक निश्चय करूनच. चारही चाकांना जोर असलेली, चढाला आणि चिखलात हळू पण जादा जोरानं ओढणारा वेगळा लो गिअर असलेली आणि कमरेला सुख देणारी गाडी घ्यायची. तशी नवी गाडी माझ्या आवाक्यात नव्हती. वापरलेली मात्र होती. हौसेनं घेऊन कंटाळून विकायला काढलेल्या मोठ्या डिझेल गाड्या बऱ्याच निघतात.

माझा भाऊ हसला. "जनावराच्या डॉक्टरला लेदरच्या सीटा! शेणाचे हात कुठं पुसशील?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. हजारो गाड्यांखाली झोपले असतील, पण स्वतःची अशी गाडी त्यांनी कधी घेतली नाही. ते एवढंच म्हणाले, "बघायला मी येतो. पण घाई करायची न्हाय."

पहिली गाडी सोलापुरात एका विक्रेत्याकडं होती. काळी, आरशासारखी चकचकीत. आत अत्तराचा असा घमघमाट की डोकं धरावं. विक्रेता मला म्हणाला, "मॅडम, कलर आवडला का?" आणि लगेच अण्णांकडं वळून इंजिनाचं सांगू लागला.

"गाडी तिला घ्यायचीय," अण्णा म्हणाले. "तिच्याशी बोला."

मग त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम होतं.

"तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली होती," विक्रेता म्हणाला.

"मग गार होऊ द्या. आमी बसतो."

आम्ही खरंच बसलो. दोन वेळा चहा झाला, घरून आणलेली भाकरी खाऊन झाली. विक्रेता घड्याळ बघत होता. अण्णा मला हळू आवाजात समजावत होते, "गरम इंजिन कुणाचंबी गोड बोलतं. गारठल्यावर कसं उठतं ते बघायचं."

इंजिन गार झालं तेव्हा ते पाठीमागं उभे राहिले आणि मी चावी फिरवली. कुरकुरत, थरथरत ते कसंबसं उठलं आणि पाठीमागं निळसर धुराचा लोट निघाला. अण्णांनी मला बोलावून तो दाखवला. "काळा जरासा चालतो. हा निळा म्हणजे ऑइल जळतंय." खाली वाकून त्यांनी चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, नख ओढलं. ताजा काळा रंग नखाखाली आला आणि त्याखाली वेल्डिंगची गाठ दिसली, म्हणजे सांगाडा मोडून जोडलेला.

माझं लक्ष मात्र अत्तरात अडकलं होतं. रोज गोठ्यात वावरणाऱ्या माणसाचं नाक तयार असतं. अत्तराच्या खाली दुसरा एक वास होता, कुबट, साचलेल्या पाण्याचा. मी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा स्वच्छ, पण कधीच बाहेर न येणारा शेवटचा वीतभर तुकडा मातकट तपकिरी होता. सीटखालचा गालिचा उचलला, तर लोखंडी पट्टीवर गंज आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ.

"ही गाडी पुरात बुडालेली आहे," मी म्हणाले.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. परतताना एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "पट्टा ओढायचं मला सुचलं नसतं बघ."

वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या अण्णांचं ते वाक्य मी घरी पोचेपर्यंत मनात घोळवत होते.

त्यानंतर आणखी तीन गाड्या पाहिल्या. एकीच्या ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर होता, म्हणजे ऑइलात पाणी गेलेलं. दुसरीच्या मीटरवर किलोमीटर अगदी थोडे, पण ब्रेकच्या पेडलाचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. तिसरीच्या आरसीवरचा चॅसी नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळेना. घरी भाऊ विचारायचा, "मिळाली का राणीसाहेबांना गाडी?" मीही वैतागले होते. अण्णा वैतागत नव्हते. त्यांना मजा येत होती.

पाचवी गाडी तामलवाडीजवळ एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांकडं होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांनी द्राक्षबाग लावली होती. मी फोनवर आधीच विनंती केली होती, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचलो तर ते म्हणाले, "कालपासून हात लावला नाही." गाडी शेडमध्ये होती. उन्हानं रंग फिका पडलेला, दारावर ओरखडे. बॉनेट मात्र थंडगार.

अण्णा बांधावर बसले. "आज तू बघ."

एकटीनं बघायची ही माझी पहिलीच वेळ. पण मी बघितलं. चावी अर्धी फिरवून डिझेल इंजिनाच्या हीटरचा दिवा विझायची वाट पाहिली, मग पुढं फिरवली. इंजिन एका दमात उठलं, धूर नावालाच. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून हात धरला, धुराची फुसफुस नव्हती, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नव्हतं. गाडीखाली शिरले. गंज वरवरचा, वेल्डिंग कुठंच नाही. सगळे पट्टे ओढले. काचा, एसी, कॅमेरा, एकेक बटण दाबून पाहिलं. बिलांची फाइल वाचली, तुटला तर इंजिनच निकामी करणारा टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल सापडलं. आरसी पाहिली, नंबर जुळवून पाहिला, कर्जाची नोंद उतरलेली होती.

शेवटी लो गिअर टाकला. डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा लुकलुकत राहिला. गिअर लागेना. पुढं घेतली, मागं घेतली, न्यूट्रल करून पुन्हा टाकला. नाहीच.

साहेब ओशाळले. "मी तो कधी वापरलाच नाही हो. डांबरी रस्ता सोडून गेलोच नाही कुठं."

गाडी मला मनापासून आवडली होती. एवढ्याशासाठी ती सोडायची? मी अण्णांकडं पाहिलं. ते मुद्दाम द्राक्षाच्या वेलांकडं बघत होते.

"साहेब," मी म्हणाले, "मला गाडी त्याच्यासाठीच हवीय. लो गिअर लागल्याशिवाय मी घेणार नाही."

साहेबांनी बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, "रास्त आहे तुमचं. दुरुस्त करून फोन करतो."

करणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण तीन आठवड्यांनी फोन आला. "डॉक्टर, या. आणि जुने कपडे घालून या."

गेलो तर साहेबांनी एका पडीक तुकड्यात आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवलं होतं. सगळी काळी माती, घोट्याच्या वर चिखल. पलीकडं कालव्याचा उभा भराव. "घाला आत," ते म्हणाले. "नंतर म्हणायला नको."

मी लो गिअर टाकला. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. गाडी आत घातली. मधोमध चाकं रुतली, गाडी एका अंगाला कलली, मी ॲक्सिलरेटर दाबला. "दाबू नको!" बांधावरून अण्णा ओरडले. "तिच्या जोरानं तिला जाऊ दे!" मी पाय सैल केला. गाडीनं चिखलात पकड धरली, हळूहळू पुढं सरकली, पलीकडं निघाली आणि भरावावर म्हशीसारखी शांतपणे चढली. वर पोचून मी हॉर्न दाबून धरला. का, ते मला माहीत नाही. साहेब टाळ्या वाजवत होते.

मी खाली आले आणि चावी अण्णांच्या हातात दिली. "मी कशाला?" म्हणत ते बसलेसुद्धा. आधी लेदरवरून हात फिरवला, मग गाडी चिखलात घातली. एकदा नाही, चार वेळा. चौथ्या फेरीला तर काच खाली करून ते मोठ्यानं हसत होते. इतकं हसताना मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

व्यवहार झाला. साहेबांच्या पत्नीनं दोन पेट्या द्राक्षं आत ठेवली. निघताना मी म्हणाले, तुळजापुरात गाडी धुऊन घेऊ. अण्णा म्हणाले, "अजिबात न्हाय. अशीच न्यायची."

घरासमोर उतरलो तेव्हा गल्ली गोळा झाली होती. छतापर्यंत चिखल. भाऊ दोनदा गाडीभोवती फिरला, मग दार उघडून आत बसायला लागला.

"थांब," अण्णा म्हणाले. "आधी पाय पूस."

सगळी गल्ली हसली. भाऊही हसला आणि खरंच पाय पुसून आत बसला. रात्री अवकाळी पाऊस पडून पाणंद चिखलात गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या माळावर मेंढ्यांना लस द्यायला गेले. शेजारच्या सीटवर अण्णा होते, आणि वस्तीपर्यंत कुणालाच खाली उतरावं लागलं नाही.