नाईक की नायक

फाटकाशी कोण उभं होतं, ते मी पाहिलेलं नाही. त्यानं रंजनाताईंची माफी कशी मागितली, हेही ऐकलेलं नाही. पाहिलं-ऐकलं असतं, तर ही फजिती सांगायची वेळ आली असती का?

प्रेमकथांतली कणखर स्त्री आणि तिला मिळणारी प्रेमाची दुसरी संधी, हा माझ्या प्रबंधाचा विषय. तो लिहायला मी मुरुडला रंजनाताईंच्या लॉजवर राहिले होते. लॉज त्या एकट्या चालवतात. सर्वसामान्य वाचकाचं मत हवं, म्हणून मी त्यांना एक कादंबरी वाचायला दिली होती.

एके सकाळी कोळंबी सोलता सोलता त्या म्हणाल्या, "बाई, नाईक परत आलाय."

"नाईक नव्हे, नायक." उच्चारांच्या बाबतीत मी कडक आहे.

"तेच ओ. त्याला घ्यावा काय घरात?"

वा! किती रंगून वाचताहेत! "मुळीच नाही. बाईनं एकटीनं सगळं उभं करायचं, आणि यानं शेवटी आयतं येऊन बसायचं? दार लावून घ्यावं!"

"माफी मागतोय पण."

"सगळेच मागतात."

"आन् जीव असला त्याच्यावर तर?"

त्यांचे हात थांबले होते. मला तो वाचनाचा परिणाम वाटला. "तो निव्वळ दुबळेपणा," मी निकाल दिला.

संध्याकाळी चहा ठेवत त्या म्हणाल्या, "घातला त्याला एसटीत."

"कुणाला?"

"नाईकाला! तुम्हीच बोललात ना, दार लाव म्हणून?"

तळा गावचा नाईक. ऐन तरुणपणी यांच्याशी लग्न ठरवून मुंबईला गेलेला, तो आत्ता उगवला होता.

"अहो, आणि मी दिलेली कादंबरी?"

"चष्मा फुटलाय माझा. पान उलटलं न्हाय अजून."

मी चहा तसाच ठेवून उठले. "त्यांना फोन करा! मी बोलते!"

"नंबर कुठं हाय?" त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे एक काळी छत्री लटकत होती. "ही राहिली त्याची. विसरला, का मुद्दाम ठेवून गेला? तुम्ही शिकलेल्या, सांगा."

प्रेमकथांत मागे राहिलेल्या वस्तूंचा अर्थ, यावर माझं एक सबंध प्रकरण आहे.

"ठाऊक नाही," मी म्हणाले.

ते प्रकरण मी अजून विद्यापीठात दिलेलं नाही. छत्री अजून खुंटीलाच आहे.