उघडं राहिलेलं फोल्डर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखीच्या माणसासमोर माझं तोंडच उघडत नाही. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोललो.

मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो. दुकानांचे, दवाखान्यांचे कॉम्प्युटर बघतो. काही वर्षांपूर्वी धुळ्यातल्या एका छोट्या संस्थेचं काम मिळालं. घरात मार खाणाऱ्या बायकांना ती आधार द्यायची. तिथे दोन तऱ्हेचे व्हिडिओ होते. एक लोकांना दाखवायचे – शिबिरांचे, गाण्यांचे. आणि दुसरे – बायकांनी बंद खोलीत सांगितलेले, वकिलासाठी जपून ठेवलेले. सगळे एकाच स्टोरेज बॉक्सवर, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये.

ते फोल्डर भरायच्या अक्का. निवृत्त अंगणवाडी सेविका, साठीला आलेल्या. माऊस धरायला तिथेच शिकल्या. कुठली फाइल कुठे टाकली ते वहीत लिहायच्या आणि पुढे बरोबरची खूण करायच्या.

माझं काम एवढंच – लोकांसाठीचं तेवढं एक फोल्डर वेबसाइटच्या सर्व्हरला जोडायचं. ते जोडलं जाईना. परवानगी नाही, परवानगी नाही – दुपारभर स्क्रीनवर तेच. शेवटी मी काय केलं? अख्खा बॉक्स जोडला, आणि आतलं सगळं कुणालाही बघता येईल असं मोकळं करून टाकलं. व्हिडिओ दिसायला लागले. संस्था चालवणाऱ्या ताई खूश झाल्या, चहा आला. पुढच्या फेरीत नीट करू म्हणत मी जळगावची बस धरली. पुढच्या फेरीत – नाही केलं. विसरलो म्हणू? विसरलो नव्हतो. दर वेळी आठवायचं, आणि दर वेळी वाटायचं, कोण बघायला येतंय?

आलं कोणीतरी.

पिंपळनेरकडची एक बाई होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. माझ्यामुळे ते एकदा उघडं पडलं तेवढं पुरे. फाइलला तिचंच नाव दिलेलं होतं, गावासकट. तिच्या दिराने ते नेटवर शोधलं आणि व्हिडिओ सापडला. तिच्या माहेरी, अंगणात, तिच्या बापासमोर त्याने तो मोबाइलवर लावला. नवरा तिच्याशी काय काय करायचा ते ती त्यात सांगत होती – बापाला तिने कधीच सांगितलं नव्हतं ते.

संस्थेत फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मला त्याच क्षणी कळलं. आणि सगळ्यात आधी मी काय केलं असेल? ती जोडणी गुपचूप काढून टाकली. मग ताईंना म्हणालो, "फाइल चुकून लोकांच्या फोल्डरमध्ये पडली असणार."

कुणाच्या हातून, ते बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

अक्का वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. पान उघडलं. फोल्डर बरोबर लिहिलेलं, खूण केलेली. एरवी त्या माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायच्या. त्या दिवशी ते सुटलं, घरची अहिराणी आली.

"खरं सांग भाऊ, मना हात चुकना का?"

एक 'नाही' हवं होतं त्यांना. ते फक्त माझ्याकडे होतं.

"लिहिलं बरोबर असेल, अक्का," मी म्हणालो. "पण टाकताना होतं असं कधी कधी."

त्यांनी वही मिटली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा – कॉम्प्युटरचं मला कळतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या त्या बाईच्या माहेरी माफी मागायला गेल्या. बापाने दारातूनच सांगितलं, "बाई, आता येऊ नका." मुलीला त्याने परत सासरी पाठवलं होतं. तक्रार झाली नाही, केस उभी राहिली नाही. पुढे तिचं काय झालं? माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती वाटते – आजही वाटते. आणि त्या बॉक्सवर दुसऱ्याही बायका होत्या. चार महिने त्याही उघड्याच होत्या. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, कारण हे माझ्याशिवाय कुणाला माहीतच नाही.

अक्कांनी त्याच आठवड्यात संस्था सोडली. माझं काम पुढे दोन वर्षं चालू राहिलं.

मागच्या महिन्यात त्या धुळ्याच्या बसस्टँडवर भेटल्या. बरोबर नात होती. कसलासा फोटो दाखवायला तिने मोबाइल त्यांच्या हातात द्यायला पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"तूच धर व माय. मना हातना भरवसा नही."

हसून म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो. जळगावहून धुळं किती लांब आहे? दोन-अडीच तास. इतक्या वर्षांत कधीही जाता आलं असतं, आणि त्या वेळी तर जायचंही नव्हतं, त्या समोरच होत्या.

अक्कांनी विचारलं, मुलं कशी आहेत. बरी आहेत, म्हणालो. बस लागली होती. मी चढलो.