घरगुती मजकूर

एसीचे फिल्टर साफ करायला त्या दिवशी गोविंदभाऊंऐवजी शाजी आला. मी दार उघडता उघडताच विचारलं, गोविंदभाऊ कुठायत? शाजी केरळचा. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही कामचलाऊ. शिडी आत घेत तो म्हणाला, "गोविंदभाई का खलास हो गया, मॅडम. गाँव गया." इथे दुबईत 'खलास' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. काम संपलं, खलास. करार संपला, खलास. दुकानातला पाव संपला तरी खलास. मला वाटलं, करार संपवून गेले एकदाचे गावी. मी तर खूशच झाले. "अरे वा! हमेशा के लिए?" असं चक्क हसून विचारलं. शाजी शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबला, माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम... कार्गो में गया."

तीन आठवडे झाले होते ते जाऊन; विमानातून गावी गेली ती पेटी. शारजात कंपनीची खोली, सकाळची वेळ, बस यायच्या आधी बूट घालायला म्हणून पलंगाच्या कडेला बसले ते तिथेच... वय चौपन्न. शाजीने फिल्टर धुतले, मी त्याच्या कागदावर 'कस्टमर' लिहिलेल्या रकान्यात सही केली आणि दार लावल्यावर मला कळेना की आता काय करायचं. रडायचं म्हटलं तर कोणत्या नात्याने? संध्याकाळी नवरा अबुधाबीहून दमून आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "कोण, तो एसीवाला? अरेरे." वाईट वाटलं त्यालाही, नाही असं नाही. मग आम्ही जेवलो. मुलीने विचारलं, "मॉम, आर यू ओके?" मी म्हटलं, हो. जो माणूस गेला म्हणून समाचाराला आपल्याकडे कोणी येणार नाही आणि आपल्याला कोणाकडे जाता येणार नाही, त्याच्यासाठी सुतक मनातल्या मनातच पाळावं लागतं. हा लेख म्हणजे माझं तेच आहे.

आम्ही सिलिकॉन ओएसिसमध्ये राहायला आलो तेव्हा मी पुण्यातली दहा वर्षांची मराठीच्या शिक्षिकेची नोकरी सोडून आले होते. नवरा सातला बाहेर, मुलगी साडेसातला. त्यानंतर घरात मी आणि एसीचा आवाज. इथे मराठीच्या शिक्षिकेची कोणाला गरज पडणार? गोविंद घाडी पहिल्यांदा आले ते गळका एसी बघायला. स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर पाहून हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही मराठी?" मी मराठी शिकवायचे असं कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आजवर माझ्या कोणत्याही पदवीने कोणाला एवढा आनंद दिला नसेल. त्या क्षणापासून मी 'मॅडम'ची 'बाई' झाले. पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "बाई, जरा शुद्धलेखन बघून टाइप करून द्याल? आमदारांना पाठवायचंय."

मी कागद उलगडला. विषयाच्या ओळीतच लिहिलं होतं : 'बंदूक बाळगण्याच्या हक्काबाबत.' या देशात पोराने खेळण्यातलं पिस्तूल विमानतळावर नेलं तरी आईबापांना घाम फुटतो, आणि हा माणूस मला माझ्या लॅपटॉपवर बंदूक टाइप करायला सांगतोय! मी नाहीच म्हणणार होते. पण ते समोर उभे राहून इतक्या शांतपणे समजावत राहिले, की मी पुढचं ऐकलं. सिंधुदुर्गातल्या त्यांच्या वाडीत बहुतेक घरी शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असायची. रानडुक्कर भातात शिरलं की एका फेरीत अख्खं वर्ष तुडवून जातं. निवडणूक आली की आचारसंहिता लागते आणि सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभेची निवडणूक काजूच्या दिवसांत, विधानसभेची भातकापणीच्या दिवसांत. मधल्या काळात जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत आहेतच. त्यांच्या मसुद्यात एक वाक्य होतं, 'डुकरांना आचारसंहिता लागू नाही, हे साहेबांनी ध्यानात घ्यावे.' मी खळखळून हसले. त्या घरात आल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच. ते वाक्य मी तसंच ठेवलं, फाइलला मात्र 'शेती' असं नाव दिलं.

अशी चार वर्षं आम्ही निवेदनं लिहिली. आधी त्यांच्या मतदारसंघाच्या आमदारांना, मग जिल्ह्यातल्या इतरांना, मग रत्नागिरी, रायगड. माझं त्यांच्याशी सगळं पटत होतं असं नाही. बंदूक म्हटलं की मला अपघात आणि भाऊबंदकीच आठवते, आणि मी ते स्पष्ट म्हणायचे. ते म्हणायचे, "बाई, रानात चोरून ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्ही परवाना मागतो. मागणाऱ्याला ताटकळत ठेवलं तर तोही चोरूनच ठेवणार ना?" एकदा मी माझं ज्ञान पाजळलं, की शस्त्रांचा कायदा दिल्लीचा, आमदार काय करणार? त्यावर लगेच उत्तर, "परवाना देतो कलेक्टर. कलेक्टरला विचारू शकतो कोण? मी की आमदार?" बारावी नापास माणूस, पण युक्तिवादात मला कधी जिंकू दिलं नाही. माझी मुलगी एकदा स्क्रीनवर डोकावली आणि "मॉम, व्हाय आर यू हेल्पिंग अ गन गाय?" म्हणून आत निघून गेली. गोविंदभाऊंनी मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, अभ्यासाचं.

निवेदनाच्या शेवटी ते लिहीत, 'गोविंद तुकाराम घाडी, शेतकरी, राहणार' आणि पुढे गावाचं नाव. मला ते खटकायचं. अहो, शेतकरी काय, राहणार काय, तुम्ही सव्वीस वर्षं शारजात राहताय. "बाई," ते म्हणाले, "मी 'राहतो' असं कुठे लिहिलंय? 'राहणार' लिहिलंय. हा भविष्यकाळ ना? तुम्हीच सांगा." दहा वर्षं काळ शिकवलेली मी, ते तसंच टाइप करू लागले. दर वर्षी ते म्हणत, पुढच्या वर्षी खलास करून जातो, इन्शाल्ला. कोकणातला घाडी 'इन्शाल्ला' म्हणतो तेव्हा ओळखावं, की याला परतीची तारीख ठाऊक नाही.

एका वाक्यावरून मात्र आमचं दर वेळी अडायचं. त्यांच्या वडिलांची बंदूक होती. वडील गेले तेव्हा हे इथे, वारस म्हणून वेळेत अर्ज झाला नाही, बंदूक ठाण्यात जमा झाली ती झालीच. हे सगळं सांगून झालं की ते शेवटी लिहीत, 'घरी माझी पत्नी वनिता एकटीच असते.' मी ते वाक्य काढायचे. म्हणायचे, गोविंदभाऊ, हे सार्वजनिक निवेदन आहे, सगळ्या वाडीच्या वतीने लिहिताय. त्यात घरगुती मजकूर बरा दिसत नाही. वजन कमी होतं. ते "बरं बाई" म्हणायचे. आणि पुढच्या मसुद्यात ते वाक्य पुन्हा तिथेच, तशाच अक्षरात. मी पुन्हा काढायचे. एकदाच त्यांनी विचारलं, "राहू दे की बाई, एकच ओळ आहे." मी वर्गात देत असे तसं छोटं व्याख्यान दिलं : विषयांतर, पाल्हाळ, मुद्देसूदपणा. ते पान्याशी चाळा करत ऐकत राहिले. नंतर चहा झाला आणि आम्ही पाकिटावरचे पत्ते लिहायला घेतले.

उत्तरं फार आली नाहीत. एक आलं, ठरावीक छापील, 'आपले निवेदन प्राप्त झाले असून ते उचित कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात येत आहे.' ते गावच्या पत्त्यावर गेलं. वनितावहिनींनी फोटो काढून पाठवला. गोविंदभाऊ आमच्याकडे काम नसतानाही तो मोबाइल घेऊन आले. 'उचित' या शब्दाचा अर्थ त्यांनी मला तीनदा विचारला. मी सांगितला, पण अशा पत्रात त्याला काही अर्थ नसतो, हे मात्र सांगितलं नाही. आता वाटतं, बरंच झालं.

निवेदनाखाली संपर्कासाठी वहिनींचा नंबर असायचा. तो इतक्यांदा टाइप केलाय की तोंडपाठ आहे. लावला मात्र कधीच नव्हता. बातमी कळल्यावर महिनाभर रोज मनात यायचं, आणि मी रोज टाळायचे. मी कोण म्हणून सांगू? शेवटी एका संध्याकाळी, इथे पाच आणि तिकडे साडेसहा वाजले होते, धीर करून लावला. म्हटलं, "मी दुबईहून बोलतेय. गोविंदभाऊ मला बाई म्हणायचे." पलीकडून लगेच आवाज आला, "निवेदनाच्या बाई?" आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एका अनोळखी बाईजवळ, हमसून रडले. गंमत म्हणजे समजूत तिनेच माझी काढली.

मग तिने सांगितलं. आमदारांचा माणूस समाचाराला आला होता. घराभोवती नजर फिरवून म्हणाला, "घाडींची पत्रं चार वर्षं येतात ऑफिसात. आम्हाला वाटलं, कुठल्या तरी संघटनेचे पुढारी असतील. इतकी कडक भाषा! साहेब म्हणायचे, ठेवा बाजूला, अधिवेशनात बघू. घरी बाईमाणूस एकटं आहे, एवढं एका ओळीत कळवलं असतं तर वारसाचा अर्ज आम्हीच उभं राहून करून घेतला असता." वनितावहिनी हे अगदी साधेपणाने सांगत होती.  न सांगता सुटता आलं असतं, तिला कधी कळलंही नसतं. पण माझ्याच्याने ते झालं नाही. म्हटलं, वहिनी, ती ओळ त्यांनी लिहिली होती. दर वेळी लिहायचे. मी काढून टाकायचे.

 मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. ठेवला असता तरी तिचं बरोबरच होतं. मग तिने विचारलं, "काय लिहिलेलं त्यांनी?" मी सांगितलं, 'घरी माझी पत्नी वनिता एकटीच असते.' "परत सांगा." मी परत सांगितलं. "एकटीच..." ती स्वतःशीच म्हणाली. "माका कधी बोलले नाय ते. फोनवर सगळा डुकरांचा विचारायचे. माका वाटायचा, ह्या माणसाक काय ह्याचा पडलेला नाय." तिचा आवाज तेव्हा कुठे फुटला. सव्वीस वर्षांत नवऱ्याला जे तोंडाने बोलता आलं नाही, ते त्याने आमदारांना लिहिलं होतं. आणि ते बायकोपर्यंत पोचायला मी मध्ये आडवी आले होते... याची माफी कशी मागतात, मला अजून माहीत नाही.

पण वनितावहिनी रडत बसणारी नाही. थोड्या वेळाने म्हणाली, आता अर्ज तिच्या नावाने करायचाय, मी लिहून देईन का? मी भीत भीत विचारलं, बंदूक तुम्ही चालवणार? तर ती चक्क हसली. "मीच तर चालवायची! सासऱ्यांनी शिकवलेली. हे कसले, बार उडाला की कानांत बोटां घालून पडवीत." चार वर्षं हक्काबद्दल लिहिणाऱ्या माणसाने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. अर्जदाराच्या जागी आधी 'सौ.' पडलं, ते खोडून 'श्रीमती' लिहिलं. बाकी मजकूर तिने सांगितला तसा लिहिला, जिथे तिने सांगितली तिथे ती ओळ लिहिली आणि एकही शब्द बदलला नाही.

बंदूक येईपर्यंत राखण कशी करणार, मी विचारलं. "तेंचो आवाज आसा मा," ती म्हणाली. मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं, की रोज तिन्हीसांजेला ते फोन करायचे, ती फोन स्पीकरवर लावून कुंपणाशी धरायची आणि ते शारजातून डुकरांना हाकलायचे. नेटवर्क कधी असायचं, कधी नसायचं, म्हणून एकदा तिने ते रेकॉर्ड करून घेतलं. त्यांनीच पाठवलेल्या छोट्या स्पीकरवर रोज लावते. एकाच जागी ठेवला तर डुकरं सरावतात, म्हणून जागा बदलते. "ऐका, लावायचीच वेळ झाली," ती म्हणाली. पावलांचा आवाज आला, पाचोळ्याचा आला, आणि मग एकदम गोविंदभाऊ. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "हाऽऽड! हाऽऽड रे! हाऽऽऽड!" पुन्हा पुन्हा, दम लागेपर्यंत. मग जरा थांबून, नेहमीच्या मऊ आवाजात, "गेले काय गो?... बरा. काळोख पडलो. आता भितर जा."

स्पीकर बंद झाला. 

"ठेवतंय हां बाई," ती म्हणाली, "भितर जा म्हणतत ते."