बोनेटवरचं मीठ

गाडी माझ्या नावावर, माझ्या पगारातून घेतलेली, गडद निळ्या रंगाची. हे मुद्दाम आधी सांगते, कारण आमच्या घराण्यात तोवर कुठल्याही बाईच्या नावावर गाडी नव्हती. माझं माहेर डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडच्या जुन्या गावात. तिथे दारात तीन गाड्या उभ्या असतात, त्यातली सगळ्यात मोठी पांढरी गाडी माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. मी राहते ठाकुर्लीला आणि शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या सोसायटीत गाडी धुवायला बंदी आहे, म्हणून रविवारी सकाळी गाडी घेऊन माहेरी जायचं, अंगणातल्या बोअरिंगच्या पाण्याने ती धुवायची आणि वहिनीच्या हातचा चहा पिऊन परत यायचं, असा माझा नेम होता.

सुरुवातीचे काही रविवार मी गाडी पुसलीच नाही. ऊन कडक होतं, दहा मिनिटांत सगळं कोरडं. मग कशाला हात दुखवायचे? महिन्याभराने पाहते तर बोनेटवर, टपावर, दारांवर पांढरे गोल ठिपके. साबणाने जाईनात, नखाने जाईनात. सहावीच्या वर्गाला बाष्पीभवन मीच शिकवते. फळ्यावर बशी काढते, पाणी उडून गेल्यावर तळाशी काय उरलं ते विचारते आणि उत्तर न देणाऱ्याला उभं करते. स्वतःची अख्खी गाडी उन्हात बशीसारखी ठेवताना मात्र यातलं काही आठवलं नाही.

मग मी जागी झाले, ती जरा जास्तच. दुकानातून ते पिवळं, रबरासारखं कापड आणलं. ओलं असताना ते काचेवर किरकिरायचं आणि वाळलं की पापडासारखं कडक व्हायचं. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, धुतली की लगेच एक चक्कर मारून या, वाऱ्याने पाणी उडतं. ठाकुर्लीच्या पुलापर्यंत जाऊन आले. पाणी उडालं, पण त्या जागी रस्त्याची धूळ चिकटून बसली. सरांना मी काही बोलले नाही, पण आठवडाभर त्यांच्या डब्यातलं काही घेतलं नाही. शेवटी एक मोठा मायक्रोफायबरचा टॉवेल आणला आणि जीव खाऊन घासायला लागले. ठिपके होते तिथेच राहिले, वर उन्हात दिसणाऱ्या बारीक रेघा आल्या.

अशात दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी मोहने गावची. याद्या करायला सगळे माहेरी जमलो होतो, तेव्हा भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्या, नवऱ्याची गाडी तुझी. आणि चालवायची पण तूच."

मला इतका आनंद झाला की हातातला चहा बशीत सांडला. आमच्याकडे नवरदेवाची गाडी चालवायचा मान कुठल्याच बाईला मिळालेला नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता. दादाने मात्र लगेच नाक मुरडलं.

"अगं, तुझ्या गाडीला देवी आल्यात. फोटोत पहिलं बोनेट येतं. माझी गाडी जाईल, ड्रायव्हर आहे ना आपला."

ठिपके हे निमित्त होतं. बहीण गाडी चालवणार आणि मोहन्याचे लोक बघणार, हे दादाचं खरं दुखणं. मला ते कळलं आणि माझं डोकं फिरलं.

"डाग गेले तर?"

"गेले तर बघू."

"बघू नाही. गेले तर माझी गाडी जाणार."

चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना. "बरं. पण लग्नाच्या सकाळी एक जरी ठिपका दिसला, तरी माझी जाईल," तो म्हणाला. आता माझी गाडी पुढे जाणार की वरातीच्या मागे कुठेतरी, हे सगळं त्या ठिपक्यांवर येऊन ठेपलं.

हे सगळं आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून ऐकत होते. ऐंशीच्या पुढचे, गुडघ्यांनी जेरीस आणलेले. पुढच्या रविवारी मी पाण्याची नळी हातात घेतली तेव्हा ते काठी टेकत आले, बोट ओलं करून एका ठिपक्यावर चोळलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"बाय, यो डाग नाय. यो मीठ हाय."

खाडीकाठचं बोअरिंग, पाणी मचूळ. ते स्वयंपाकाला चालत नाही म्हणून वहिनी रोज कुरकुर करते, आणि मी मात्र त्याच पाण्यात गाडी न्हाऊ घालत होते. आबा तरुणपणी ठाण्याकडच्या मिठागरांवर कामाला जायचे. जमिनींना भाव आल्यापासून आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. दादा पाहुण्यांना सांगतो, आम्ही पहिल्यापासून जमीनवाले. मीही शाळेत कधी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची लाजच वाटायची.

"पानी जातं, मीठ बसून रातं," आबा म्हणाले. "आमी उन्हाची वाट बघायचो, मीठ पाहिजे म्हणून. तुला नको ना? मंग ऊन यायच्या आधी आवर."

जुने ठिपके काढायला वहिनीने चायनीजसाठी आणलेलं व्हिनेगर कामी आलं. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, फडक्याने हलकेच, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. त्यात दोन रविवार गेले. पण नवे ठिपके पडू न देणं ही खरी गोष्ट होती. आबांनी त्यावर काढलेला पहिला उपाय आठवला की अजून अंगावर काटा येतो. ते घरातून फरशी पुसायचा वायपर घेऊन आले.

"आबा! ठेवा तो खाली!"

"अगं, असंच तं ओढायचं असतं."

मिठागरात लांब दांड्याला लावलेल्या लाकडी फळीने मीठ ओढून काठाशी जमवतात. तेच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वायपर मी काढून घेतला. मग त्यांनी माझा टॉवेल मागितला, तो न चुरगळता पूर्ण उघडला आणि बोनेटवर चादरीसारखा पसरला. दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. ते एका बाजूला, मी दुसऱ्या. नुसता ओढायचा, काचेकडून दिव्यांकडे, दाबायचा नाही. टॉवेल गेला तिथलं पाणी गेलं. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा बोनेटमध्ये वरच्या आंब्याची पानं दिसायला लागली.

मी जरा जोर लावला, तर लगेच ओरडले. "दाबू नको! जोर दिला का खालचा चिखल वर येतो, पांढरं मीठ काळं होतं. हलका हात ज्याचा, त्याचं मीठ पांढरं. माझं कधी काळं नाय निघालं."

शेवटचं वाक्य ते ताठ मान करून बोलले. माझ्या बारीक रेघा कुठून आल्या ते मला तिथेच कळलं. जोर लावून मी गाडीवरची धूळच गाडीवर घासत होते. बीएस्सी, बीएड होऊन मला जे उमगलं नाही, ते या माणसाच्या हातांना ठाऊक होतं, आणि हे हात मी आजवर लोकांपासून लपवत आले होते. आबांचा मला फार अभिमान वाटला. मी टॉवेल पिळून परत पसरला.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. पुसून होईल तेवढंच भिजवायचं. एक दार धुवायचं, एक दार पुसायचं, मग पुढचं. अख्खी गाडी एकदम भिजवली की तुम्ही इकडे पुसता आणि तिकडे मीठ बसतं. त्यांच्या गुडघ्यांनाही तीच चाल झेपत होती.

लग्न मे महिन्यात, मुहूर्त दुपारचा. आदल्या दिवशीच्या हळदीत पोरांनी नाचताना गाडीवर पिवळे पंजे उठवले होते. मी माहेरीच मुक्कामाला होते. सकाळी सहाच्या आत मी अंगणात आले, तर आबा आधीच टॉवेल खांद्यावर टाकून उभे. टप, काचा, बोनेट, मग एकेक दार. आबांना दम लागत होता. "बसा," म्हटलं तर म्हणाले, "ऊन बसलंय का?" शेवटचं दार पुसून झालं आणि ऊन कुंपणावर आलं. मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. एकही ठिपका नव्हता.

साडेआठला दादा बाहेर आला, नवा जोधपुरी, केसांना ताजा कलप. गाडीभोवती फिरला. उकिडवा बसून उन्हाच्या रेषेत बोनेट निरखलं. रुमाल काढला, एका जागी फिरवला, रुमालाकडे पाहिलं आणि तो खिशात ठेवला. आबा ओट्यावर टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, "मोठ्या गाडीत बायकांना घे. नवरा हिच्या गाडीत बसेल."

तेवढ्यात फुलवाला आला. गुलाबांची जाळी आणि सेलोटेप घेऊन तो नेहमीसारखा बोनेटकडे वळला. दादाने त्याचा हात धरला.

"इथे नको. दारांना लाव, मागे लाव."

"शेठ, नवऱ्याची गाडी ना? बोनेटवर फुलं नकोत?"

"नकोत," दादा म्हणाला. "आमचे आबा मिठागरावर होते. त्यांनी आणि माझ्या बहिणीने पुसलंय ते. झाकू नको."