पितळीच्या अंगावरचं सोनं

समजा, तुम्ही सोनार आहात. जमिनीवर बसलात. एका हातात चिमटा, चिमट्यात तुटलेल्या पोतीची कडी, समोर दिव्याची ज्योत आणि ओठांत फुंकणी. आता फुंका. फुंक मध्येच तुटता कामा नये, म्हणून गालांत हवा धरून नाकाने श्वास घ्यायचा. बोलायचं नाही, हसायचं नाही, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. डाग, म्हणजे जोडाचा धातू, वितळून सांध्यात उतरेपर्यंत असंच. आणि नेमकं त्याच वेळी एक ओलं, गार नाक तुमच्या तळपायाला लागतं!

चुडामण सोनाराच्या दोन-चार कड्या सुरुवातीला अशाच वाया गेल्या. पुढे पितळी शिकली. मालकाच्या तोंडात फुंकणी आहे तोवर ती शेपूटसुद्धा हलवायची नाही. फुंकणी खाली ठेवली की मात्र तिचा हक्क सुरू.

जळगावच्या जुन्या भागात, बोळातल्या घराच्या पुढच्या खोलीत चुडामणचं काम चाले. आधी त्याच्यासमोर मोठा भाऊ बसायचा. एक शेगडी दोघांत, आणि तोंडाला खळ नाही. भाऊ सुरतेला गेला आणि समोरची जागा ओस पडली. चुडामणला स्वतःच्या हातोडीचा आवाजही नकोसा होऊ लागला. अशात एका भर उन्हाळ्यात बोळातली पिवळी कुत्री सावलीला म्हणून आत शिरली आणि थेट भावाच्या जागेवर जाऊन बसली. पुन्हा उठायचं नावच नाही.

"सोनी म्हना तिले," त्याची बायको यशोदाबाई म्हणाली.

"नको. उद्या कोनी वजन कराले येईन. पितळीच बरी."

तो हे थट्टेत बोलला होता. पण वजन करायला लोक खरंच आले.

रुपचंदशेठच्या पेढीवरून चुडामणला सोनं मिळे आणि घडवलेला दागिना तिथेच जाई. अठ्ठ्याऐंशी साली शेठने पेढीच्या वर नवा माळा बांधला आणि सगळ्या कारागिरांना तिथे बसवलं. सगळे गेले. चुडामण गेला नाही.

"तुम्हाला दागिना पाहिजे का माझी हजेरी?" त्याने विचारलं.

शेठच्या मनात ते सलत राहिलं. घडवताना सोन्यात थोडी घट येतेच. त्या महिन्यात चुडामणची घट जरा जास्त भरली. शेठ स्वतः त्याच्या घरी आला. छपराच्या काचेतून उन्हाचा पट्टा खाली पडला होता. पाहुणा आलेला बघून पितळी उठली आणि तिने अंग झटकलं. उन्हात बारीक कण लकाकले.

"अस्सं!" शेठ म्हणाला. "सोनार आईच्या नथीतलं सोनं सोडत नाही म्हणतात. तू तर चोरायला कुत्रीच पाळली! हिला घालव, नाहीतर उद्यापासून माळ्यावर ये."

चुडामणने कानस खाली ठेवली. "कुत्री जाणार नाही. मी येणार नाही. सोनं तेवढं तुमचं आहे, ते तुम्हाला पोचेल."

"अहो, शेठशी वाकडं धरून भागेल का आपलं?" शेठ गेल्यावर यशोदाबाई म्हणाली.

"चोर म्हने तो मले. घंगाळ काढ."

बाजाराचा दिवस होता. पेढीवर जवळच्या असोदा गावच्या बायका आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, खरेदी करत होत्या. चुडामणने पायरीवर घंगाळ ठेवलं, त्यात पितळीला उभं केलं आणि तिला अंघोळ घालायला लागला. गर्दी जमली.

"काय करस रे भाऊ?" एका म्हातारीने विचारलं.

"शेठचं सोनं धुई ऱ्हायनू, आक्का."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पितळीने तेवढ्यात अंग झटकलं आणि गलका ऐकून पायरीवर आलेल्या शेठचं धोतर भिजलं. चुडामणने पाणी फडक्यातून गाळलं. गाळ आणि केसांची पुरचुंडी बांधली आणि पुढे केली.

"हाई बठ्ठं तुमनं शे, शेठ, कणन् कण. झारेकऱ्याला द्या, तो जाळून, धुऊन सोनं काढेल. आता तुमच्या गादीची खोळही काढा. गिऱ्हाइकांचे दागिने तिच्यावरच घासता ना? त्यांचंही सोनं निघेल. घंगाळात पाणी अजून आहे."

शेठने पुरचुंडीला हात लावला नाही. "ने ती घाण," म्हणत तो आत गेला. खोळ काही निघाली नाही.

चुडामणला पेढीचं काम बंद झालं. घरात काही दिवस नुसती भाकरी आणि ठेचा होता. मग एका सकाळी असोद्याची ती म्हातारी बोळात विचारत आली, "कुत्रीवाला सोनार कुठे राहतो?" तिच्या मागे आणखी बायका आल्या. दागिना डोळ्यांसमोर घडतो आणि घरची कुत्रीही कडीकडे टक लावून बसते, हे त्यांना आवडलं.

पितळी म्हातारी झाली आणि भावाच्या जागेवरच तिने प्राण सोडला. ती जागा आता पुन्हा रिकामी आहे. पुरचुंडी मात्र फळीवर तशीच आहे. चुडामणने ती उघडली नाही, विकली नाही. दुसऱ्याचं सोनं तो कसं विकेल? शेठ रस्त्यात दिसला की मान वळवून पलीकडे जातो. चुडामण सोडत नाही. भर बाजारात हाक मारतो:

"शेठ, सोनं तुमचं, कधीही न्या. फक्त एक सांगा. तिचे केस न जाळता ते काढता येईल का?"