नातीला फ्लिंक म्हणतात

माझी सून नॉर्वेची. मुलानं दुबईतच लग्न केलं आणि नात झाल्यावर मला तिथल्या मरीना भागातल्या घरी बोलावून घेतलं. नात दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकेना. खाली बागेत तिच्याहून लहान पोरं पळत.

सून मात्र उठता-बसता तिला 'फ्लिंक' म्हणायची. घास गिळला, फ्लिंक. पायातला मोजा ओढून काढला, फ्लिंक. सोफ्याला धरून क्षणभर उभी राहिली की टाळ्या आणि पुन्हा फ्लिंक.

मी मुलाला विचारलं, "हे काय असतं?"

"ज्याला आपलं काम चांगलं जमतं तो फ्लिंक. डॉक्टर फ्लिंक, सुतार फ्लिंक. लहान पोरानं नुसती खटपट केली तरी म्हणतात."

"हिला काय जमलंय? चालता येत नाही."

"म्हणू दे की, आई. दुबईत कौतुकावर टॅक्स नाही."

मला हसू आलं नाही. मी चार मुलं वाढवली, एकालाही शाबास म्हटलं नाही. शेफारली असती. आणि न चालणाऱ्या पोरीचं कौतुक करत बसलं तर दुखणं कोण बघणार? मी रोज टोकलं, तेव्हा कुठे तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, पायात ताकद कमी आहे. रोज खुर्ची धरून उठबस करून घ्या. तीन महिन्यांत चालली नाही तर पुढच्या तपासण्या करू. कसल्या तपासण्या, ते कुणी मला सांगेना. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मुलगा-सून ऑफिसला गेली की व्यायाम माझ्याकडे. पोरगी काही करेना, नुसती बघत बसे. शेवटी मीच खुर्ची धरून खाली बसले. गुडघे कडाडले. कशीबशी उठले.

पोरीनं टाळ्या वाजवल्या. "फ्लिंक!"

"पुरे," मी म्हटलं, "आता तू ऊठ."

तिनं खुर्चीचा पाय धरला आणि उठली. दोन्ही पाय थरथरत होते. माझी नजर त्यांच्यावरून हलेना. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. काय ऐकायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, "फ्लिंक."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग धपकन बसली. आता रोज आम्ही दोघी दहा-दहा वेळा उठतो आणि एकमेकींना फ्लिंक म्हणतो. पाऊल अजून उचललेलं नाही. डॉक्टरांच्या तारखेला अठरा दिवस उरलेत.